ठाण्यातले ठाणबंद घोडे : रपेट मिळते, मोकळीक मिळत नाही

खारफुटी

माझी मुलगी गेल्या नोव्हेंबरपासून दर शनिवारी आणि रविवारी सकाळी घोडेस्वारी शिकायला जाते. जागा घोडबंदर रस्त्यापासून आत, खाडीच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न त्या एका जागेपुरता नाही. तिची रपेट चाललेली असताना मी तबेल्याच्या पत्र्याखाली बाकावर बसते आणि चार महिने तेथे बसून जे दिसले ते मांडते आहे.

तबेल्यात आठ खण आहेत. अगदी शेवटच्या खणात शर्यतीतून निवृत्त झालेला एक कुमैत घोडा आहे, त्याला तेथे बहाद्दर म्हणतात. तो अर्ध्या दारावरून मान बाहेर काढून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे डुलत असतो. मान ज्या बाजूला जाते त्या बाजूच्या पुढच्या पायावर भार पडतो, दुसरा पाय किंचित सुटतो आणि लगेच उलट होते. एका रविवारी मी घड्याळ लावून मोजले तेव्हा एका मिनिटात अठ्ठावीस हेलकावे भरले, आणि मुलीची पाऊण तासाची रपेट संपेपर्यंत ते जवळजवळ अखंड चालू होते. दाराच्या आतल्या बाजूला कोब्यावर त्याच्या दोन खुरांच्या जागी बशीएवढे दोन खळगे पडले आहेत. मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याला, विचारले तर तो हसून म्हणाला, "डुलतोय ताई, करमत नाही त्याला."

मालकांशीही बोलले. माणूस वाईट नाही. घोड्यांना मारहाण होत नाही, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वेळेवर मिळते, रोज खरारा होतो, नालबंद ठरल्या दिवशी येतो. त्यांचे म्हणणे एवढेच की प्रत्येक घोड्याला रोज तासभर काम मिळते आणि तेवढा व्यायाम पुरेसा आहे. मला मात्र उरलेले तेवीस तास दिसतात. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खणात ते तेवीस तास जातात, बाजूच्या घोड्याशी फक्त गजांतून नाक लावता येते, आणि सोमवारी घोडेस्वारीच्या शाळेला सुट्टी असल्यामुळे तो तासही मिळत नाही. घोड्याला पाठीवर कोणी नसताना, लगामाशिवाय, नुसते मोकळे सोडण्याची काही गरज असते का? ठाणे आणि नवी मुंबईतील इतर ठिकाणी काय पद्धत आहे, हे जाणकारांनी सांगावे.

टवाळखोर

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? उत्तर आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे: न फिरवल्यामुळे. मालक तर रोज तासभर फिरवतात. मग अडले कुठे?

निवृत्त_पशुवैद्य

टवाळखोर यांनी थट्टेत विचारले असले तरी सगळा विषय त्या कोड्यातच आहे. 'फिरवणे' ही माणसाची क्रिया आहे. किती वेगाने, कोणत्या दिशेने, मान कशी धरून आणि कधी थांबून, हे सर्व स्वार ठरवतो. घोड्याला स्वतः फिरायचे असते तेव्हा तो दोन पावले चालतो, तोंड खाली घालतो, चार घास घेतो आणि पुन्हा दोन पावले चालतो. असे तो दिवसरात्र मिळून चौदा ते सोळा तास करतो. तासभराच्या रपेटीत हृदयाला आणि स्नायूंना काम मिळते हे खरे आहे, परंतु या दुसऱ्या चालण्याची भरपाई त्यातून होत नाही.

कारण पोटात आहे. पाचशे किलोच्या घोड्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहते, मग आत चारा असो वा नसो. आम्लाचा मारा कमी करणारी लाळ मात्र केवळ चघळतानाच सुटते. पोटभर चारा चघळणाऱ्या घोड्याची लाळ दिवसाला ३५ ते ४० लिटर भरते. एक किलो सुका चारा संपवायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात, तर एक किलो चंदी तो दहा मिनिटांत फस्त करतो. म्हणजे ज्या तबेल्यात सकाळ-संध्याकाळ हरभरा, कोंडा आणि ओट्सची बादली मिळते आणि चारा हातचा राखून टाकला जातो, तेथे घोड्याचे जबडे दिवसातले बहुतेक तास रिकामे राहतात आणि जठरात आम्ल साचत जाते. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून बचाव करणारे बुळबुळीत अस्तर नसते. तालमीत असलेल्या शर्यतीच्या घोड्यांपैकी बहुसंख्य घोड्यांच्या जठरात त्याच भागात व्रण सापडतात. आपला बहाद्दर त्याच जगातून आला आहे.

यातून दोन वेगळ्या सवयी लागतात आणि त्यांची गल्लत करू नये. दाताने दाराची कड धरून, मान आखडून, घशातून 'गुक्' असा आवाज करीत हवा ओढणे, ज्याला क्रिब-बायटिंग म्हणतात, त्याचा संबंध बहुधा चाऱ्याशी आणि जठराशी असतो. बहाद्दर करतो ते डुलणे आणि खणात गोल गोल फेऱ्या मारणे यांचा संबंध जास्त करून कोंडण्याशी आणि सोबत तुटण्याशी असतो. एकाचे पाहून दुसरा शिकतो असे तबेल्यातून सर्रास सांगतात. मला मात्र चाळीस वर्षांत नकलेपेक्षा सारखी परिस्थिती हेच कारण दिसत आले. गळ्याला पट्टा आवळून क्रिब-बायटिंग थांबवणारे पुष्कळ आहेत, पण पट्ट्याने आवाज थांबतो आणि जठर होते तसेच राहते.

सोमवारच्या सुट्टीविषयी ताईंनी सहज लिहिले आहे, तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये. सुट्टीच्या दिवशी घोडा उभाच असतो आणि चंदी मात्र नेहमीचीच मिळते. दुसऱ्या दिवशी कामाला काढल्यावर त्याच्या मागच्या भागाचे स्नायू लाकडासारखे ताठतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. इंग्रजी अमदानीपासून या दुखण्याला मंडे मॉर्निंग डिसीज म्हणतात, कारण त्या काळी सुट्टी रविवारी असे. तुमच्याकडे ते मंगळवारी गाठेल. सुट्टी द्यायचीच असेल तर चंदी निम्म्याहून कमी करावी आणि घोड्याला त्या दिवशी दोन तास तरी मोकळे सोडावे.

पागेदार

मी पनवेलच्या बाजूला लहान पागा चालवतो, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. डॉक्टरसाहेबांचे शास्त्र मला मान्य आहे, परंतु आमचे घोडे पेंड खाते ते जागेपाशी. ठाणे-नवी मुंबईत एक गुंठा जागा भाड्याने घ्यायची म्हटले तरी काय मोजावे लागते ते येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. जी जागा मिळते तिच्यात रिंगण केले नाही तर धंदा नाही, आणि धंदा नाही तर घोड्याला चारा नाही. रिंगणातच घोडे सोडा असे कोणी म्हणेल. रिंगण सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात शिकाऊ मुलांनी भरलेले असते. मधल्या वेळी एप्रिल-मेच्या उन्हात वाळू इतकी तापते की आपलाच पाय ठेववत नाही.

दुसरी अडचण हवेची आहे. खाडीकाठच्या दमट हवेत काही घोड्यांना घाम येणेच बंद होते. असा घोडा उन्हात सोडला तर अर्ध्या तासात धापा टाकू लागतो. पावसाळ्यात चार महिने चिखल असतो, खूर कुजतात, पाठीवर खपल्या धरतात आणि मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा रोग होण्याची भीती असते. येऊरच्या पायथ्याजवळ पागा असलेला माझा एक मित्र रात्री घोडे सोडू शकत नाही, कारण तेथे बिबट्या फिरतो आणि ती भीती काल्पनिक नाही.

आणि तिसरे म्हणजे दुखापत. दोन वर्षांपूर्वी मी लोकांचे ऐकून शर्यतीतून आलेला एक घोडा एकदम मोकळा सोडला होता. त्याने तीन मिनिटे अशी काही दौड मारली की कुंपणाला अडखळून गुडघा फोडून घेतला. पुढचे अडीच महिने तो खणातच होता. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो आहे.

नेरळवासी

आमच्या घरी दोन पिढ्या माथेरानला घोडे होते, मी स्वतः नोकरीसाठी ऐरोलीत आलो. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत लाल मातीच्या वाटेने दिवसभर ये-जा करणारे ते घोडे सुखात होते असे मी म्हणणार नाही. खोगिराच्या जखमा, झिजलेले नाल आणि सुट्टीच्या हंगामातले ओझे मी पाहिलेले आहे. परंतु आमच्याकडच्या एकाही घोड्याला मी डुलताना पाहिले नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक आटले की आजोबा त्यांना रानात सोडून देत. लांब जाऊ नयेत म्हणून पुढच्या दोन पायांना पायबंद घालत, आणि तशा बांधलेल्या पायांनी घोडे टुणटुण उड्या मारत चरत असत. आज ते आठवले की वाईट वाटते. मात्र संध्याकाळी आणायला गेल्यावर दोन घोडे एकमेकांच्या मानेच्या मुळाशी दातांनी खाजवत उभे असलेले दिसायचे, ते चित्रही डोळ्यांसमोरून जात नाही.

निवृत्त_पशुवैद्य

पायबंद आज कोणी घालू नये, त्याने खुराच्या वरची कातडी सोलवटते आणि घोडा पडला तर उठता येत नाही. तुम्ही सांगितलेले खाजवणे मात्र साधी गोष्ट नव्हे. मानेच्या मुळाशी जेथे आयाळ संपते तेथे खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. गजांच्या भिंतीतून ते करता येत नाही. मोतद्दार खरारा करताना त्या जागी दोन मिनिटे जास्त रेंगाळला तर घोडा वरचा ओठ लांब करून थरथरवतो. एकदा पाहा.

कलम_अकरा

ठाणे न्यायालयात वकिली करतो, म्हणून कायद्यापुरते लिहितो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ३ प्रमाणे प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी उपाय करणे हे कर्तव्य आहे. कलम ११ मध्ये हालचालीला वाजवी वाव राहणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात किंवा जागेत कोंडणे, तसेच अवाजवी आखूड दोराने अवाजवी काळ बांधून ठेवणे, हे गुन्हे आहेत. गंमत पुढच्याच खंडात आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या प्राण्याला व्यायाम न देणे हा गुन्हा आहे खरा, पण तेथे शब्द 'कुत्रा' असा आहे. घोडा त्या वाक्यात नाही. आणि पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, म्हणजे लसूणघासाची एक पेंढीदेखील त्यात नीट येणार नाही.

मुंबईत व्हिक्टोरियातून हौसेची सैर करवणे उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये बेकायदा ठरवले आणि ती बंद करण्यास वर्षाची मुदत दिली. त्या प्रकरणात तबेल्यांच्या अवस्थेचाही मुद्दा होता. परंतु स्वारी शिकवणाऱ्या खासगी तबेल्यात घोड्याला रोज किती वेळ मोकळे सोडावे याचा आकडा आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमांत तो आहे. तेथे घोडा कायम बांधून ठेवण्यास मनाई आहे, दुसरा घोडा दिसला, ऐकू आला आणि त्याचा वास आला पाहिजे अशी अट आहे. काम न करणाऱ्या घोड्याला रोज दोन तास, आणि काम करणाऱ्याला आठवड्यातून किमान दोन दिवस दोन-दोन तास मोकळे सोडावे लागते. पागेदार यांना हे जमण्यासारखे वाटते का, हे विचारतो.

घणसोलीकर

येथे माणसे दहा बाय दहाच्या खोलीत संसार करतात आणि आपण घोड्याच्या खणाची मापे काढत आहोत.

खारफुटी

माणसे दहा बाय दहाच्या खोलीतून कामावर जातात आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसतात. दार बाहेरून लावलेले नसते, एवढाच फरक मला दिसतो. पुन्हा घोड्याकडे येऊ या. डॉक्टरसाहेब, पागेदारांच्या तिन्ही अडचणी मला खऱ्या वाटतात. त्यातून वाट कशी काढावी?

निवृत्त_पशुवैद्य

अडचणी खऱ्याच आहेत. मात्र दुखापतीचा दोष मोकळिकीवर टाकण्याआधी हे पाहावे की तीन मिनिटांची ती दौड आली कोठून. कित्येक महिने दाबून ठेवलेली स्प्रिंग होती ती. रोज सुटणारा घोडा पहिल्या आठवड्यानंतर सुटल्यावर लोळतो, अंग झाडतो आणि खायला लागतो. म्हणून सुरुवात सावकाश करावी. आधी अर्धा तास हाताने चालवून मग सोडावे, तेही मोठ्या रिंगणात न सोडता लहान कुंपणात, म्हणजे वेग धरायला जागाच मिळणार नाही. सोडण्यापूर्वी आत दोन-तीन ठिकाणी चारा ठेवावा. उपाशी घोडा सोडू नये, तो आधीच चिडलेला असतो. सोबती निवडताना शेजारच्या खणातला आणि ज्याच्याशी नाक लावून शांत राहतो असा घोडा निवडावा, दोघांना पहिले काही दिवस कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवावे आणि एकत्र सोडताना मागच्या पायांचे नाल काढावेत. लाथ मारणारच, पण नाल नसेल तर हाड वाचते.

वाळूच्या जागेत चारा थेट जमिनीवर टाकू नये. घासाबरोबर वाळू पोटात जाऊन मोठ्या आतड्यात साचते आणि त्यातून पोटशूळ होतो. जाड रबरी चटई किंवा अर्धे कापलेले पिंप पुरते. उन्हाचे म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये पहाटे पाच ते सात हीच वेळ. ज्या घोड्याचा घाम आटला आहे त्याला उन्हात कामालाही काढू नये, मग मोकळिकीलाच का नाही म्हणता?

आणि जागा खरोखरच नसेल तर निदान खणातले तास तरी सुधारावेत. वजनाच्या दीड ते दोन टक्के इतका सुका चारा रोज मिळालाच पाहिजे, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. तो बारीक जाळीच्या पिशवीत भरून चार-पाच वेळा विभागून द्यावा. दोन खणांमधल्या भिंतीला मान जाईल एवढी खिडकी पाडावी. खाली पेंढा जाड असावा, कारण घोडा उभ्याने डुलकी घेत असला तरी गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते आणि उघड्या कोब्यावर तो आडवा होत नाही. अनेक दिवस न झोपलेला घोडा उभ्या-उभ्या गुडघ्यात मोडतो, आणि पुढच्या घोट्यांवर जखमा दिसल्या की मालक म्हणतो, रपेटीत ठेच लागली असेल. खणात सकाळी डोळे चुरचुरले तर तो लघवीचा अमोनिया समजावा. तो घोड्याच्या फुप्फुसात रात्रभर जात असतो. हे सर्व केले तरी ती मोकळीक नव्हे, हे लक्षात असू द्यावे.

पागेदार

कलम_अकरा, आठवड्यातून दोन दिवस दोन तास हे मला जमेल. खरे सांगायचे तर एका जोडीबाबत ते जमलेलेच आहे. माझ्याकडे दोन काठेवाडी घोड्या आहेत आणि त्या रोज पहाटे पाच ते साडेसहा एकत्र सुटतात. त्यांचा लंजिंगचा, म्हणजे लांब दोरावर गोल फिरवण्याचा, वेळ निम्मा झाला, कारण रिंगणात आल्यावर त्या उधळत नाहीत. हे मी वरच्या प्रतिसादात लिहिले नाही, कारण हिशेब मांडताना आपण आपल्या सोयीचे तेवढेच मांडतो. शर्यतीतून आलेल्या घोड्यांबाबत मात्र माझे मन अजून धजत नाही. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली लहान कुंपणाची रीत वापरून पाहतो.

पालकांनाही एक विनंती आहे. एका घोड्यामागे दिवसाला एक तास कमी विकला तर महिन्याला काही हजारांचा फरक पडतो. पालक फी ठरवताना हेल्मेट आणि शिक्षक यांची चौकशी करतात, घोडा सुटतो का असे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

खारफुटी

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. हा धागा छापून मी मालकांना वाचायला दिला आणि आम्ही चार पालकांनी मिळून महिन्याची फी थोडी वाढवून देण्याची तयारी दाखवली. त्यांनी रिंगणाच्या मागची, जेथे जुने लोखंड पडलेले असे ती जागा साफ करून साठ फूट बाय चाळीस फुटांचे लाकडी कुंपण घातले. बहाद्दर आणि शेजारच्या खणातला एक वयस्कर पोनी आता सोमवार धरून रोज पहाटे तेथे सुटतात.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. मोतद्दाराने गळ्यातला दोर सोडला तरी बहाद्दर पाच-सहा मिनिटे फाटकापाशीच उभा होता, आणि तेथेही डुलत होता. मग पोनी खाली बसून लोळू लागला. बहाद्दरने मान खाली घातली, वाळू हुंगली, पुढचा एक पाय दोनदा आपटला आणि तोही लोळला, आधी एका कुशीवर आणि मग चारही पाय हवेत करून दुसऱ्या कुशीवर. उठून अंग झाडले तेव्हा त्याच्या पाठीवरची धूळ उन्हात किती वेळ दिसत होती. मोतद्दार म्हणाला की दोन वर्षांत त्याने याला लोळताना पाहिलेले नव्हते.

डुलणे थांबलेले नाही. चंदीची बादली वाजली की ते सुरू होते आणि पोनीला आधी बाहेर नेले तरी होते. दुपारी मात्र तो बऱ्याचदा मागच्या भिंतीकडे पाठ करून एक पाय सैल सोडून शांत उभा असतो. डॉक्टरसाहेबांनी खासगी निरोपात लिहिले होते की वर्षानुवर्षांची सवय पूर्ण जाईल अशी आशा धरू नका, आणि ते खरेच दिसते.

आता जून तोंडावर आला आहे. जागा सखल आहे, खाडीकडून पाणी लवकर उतरत नाही. मालक विचारत आहेत की त्या कुंपणात खडी आणि वाळू टाकायची तर किती लागेल.

पागेदार

चार इंच खडी आणि वर चार इंच वाळू धरा. साठ बाय चाळीस म्हणजे चोवीसशे चौरस फूट, तेव्हा प्रत्येकी आठ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागेल. खडीच्या खाली आधी जाड कापड अंथरा, नाही तर पहिल्याच पावसात ती चिखलात रुतून बसेल, आणि खाडीच्या विरुद्ध बाजूने वाहत येणारे पाणी अडवायला कुंपणाबाहेर फूटभर खोल चर खणून घ्या. फाटकापाशी खडीचा थर दुप्पट ठेवा, घोडे सर्वांत जास्त तेथेच उभे राहतात. वाळू धुतलेली असू द्या. शक्य झाल्यास पाऊस सुरू होण्याच्या आठ दिवस आधी काम उरका, कारण पुढे ट्रक आत जाणार नाही.